कौन सा संशोधन?

मी डीप फ्रीझर बोलतोय. बोलतोय कसला, कुरकुरतोय! दिल्लीतल्या एका सरकारी प्रयोगशाळेच्या जिन्याखाली मला ढकललंय आणि पोटात जुने पडदे कोंबलेत.

एके काळी याच पोटात नंदुरबारकडच्या माणसांचं रक्त होतं, नळ्यांत गोठवलेलं. सिकलसेलचा आजार कुणाला नुसता छळतो आणि कुणाला मारतो, हे हेमांगी त्यातून शोधत होती. दिल्लीतच मुनिरक्यात खोली घेऊन राहणारी ही मराठी पोर त्यासाठी तिकडच्या पाड्यापाड्यांवर हिंडली होती. लेकीचं रक्त देताना शेवंताबाईंनी बजावलं होतं, "ताई, जपून ठेवा हां." पुढे ती लेक, राधा, त्याच आजारानं गेली. तिचं उरलंसुरलं माझ्यापाशी होतं.

मग महामारी आली. प्रकल्पाचे पैसे गोठले आणि माझा कॉम्प्रेसर घरघरू लागला. शेजारचे फ्रीझर कोविडच्या नमुन्यांनी भरलेले. तेवढ्यात अडलेल्या कामांसाठी सरकारनं तातडीचा निधी जाहीर केला. ऑफिसातले नरसिंहकाका म्हणाले, "हिंदीत अर्ज कर, फाइल पळेल बघ." हेमांगीनं हौसेनं लिहिलं, 'संशोधन हेतु सहायता'.

इथंच माशी शिंकली. मराठीत संशोधन म्हणजे शोध. हिंदीत मात्र दुरुस्ती! फाइल गेली नियमदुरुस्तीच्या टेबलावर, तिथं निवांत झोपली आणि शेरा घेऊन परतली: 'कौन सा संशोधन? मूल नियम की प्रति लगाएँ.'

"भाईसाहब, संशोधन मतलब रिसर्च! मेरे सैंपल पिघल जाएँगे!" हेमांगी माझ्या शेजारी उभी राहून फोनवर ओरडत होती.

"अच्छा, तो अनुसंधान लिखिए न, मैडम. नया आवेदन दीजिए, फिर देखते हैं."

तिनं नवा अर्ज दिला. तो टेबलं फिरत असताना मे महिन्यातल्या एका दुपारी मी बंद पडलो. दूधवाल्याकडून बर्फ आणून तिनं माझ्यात भरला. त्यानं काय होणार? नळ्या तिनं स्वतःच्या हातानं कचऱ्याच्या पिशवीत टाकल्या, मग शेवंताबाईंना फोन लावला.

"मावशी, राधाचं रक्त राहिलं नाही."

पलीकडून शेवंताबाई म्हणाल्या, "आता पुन्हा कुठून देऊ, ताई?"

पुढे निधी आला बरं का! नवा फ्रीझर आला, नारळ फुटला, भाषणं झाली, फोटो निघाले. खोलीवर पाटी लागली, 'अनुसंधान कक्ष', अगदी शुद्ध. हेमांगी त्या फोटोंत नाही. ती नोएडात क्लासमध्ये शिकवते म्हणे.

उद्या भंगारवाला मला नेईल. जाता जाता हात जोडून एवढंच मागतो, बाबांनो: त्या 'तातडी' शब्दाचं जरा संशोधन करा. मराठीतलं करा, नाहीतर हिंदीतलं.