शांताबाईची पायरी

मी एका जीपचा सांगाडा बोलतोय. गॅरेजात मला चासी म्हणतात. इंजिन, चाकं, सीट सगळं माझ्यावर बसतं, पण वाकून माझ्याकडं कुणी बघत नाही. आज वाकायचीही गरज नाही. भिवंडीत, धामणकर नाक्यामागच्या गल्लीत, गॅरेजच्या भिंतीलगत मी विटांच्या चार उंच थप्प्यांवर उघडा पडलोय.

माझा मालक कोंडू. भिवंडी ते वज्रेश्वरी तो पॅसेंजर न्यायचा. जागा दहा जणांची, बसायचे चौदा. मी कुरकुरलो, पण वाकलो नाही. जयंतीला मात्र माझ्यावर फक्त बाबासाहेबांची तसबीर असायची, आणि मी मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढं असायचो.

कोंडूची बायको शांताबाई बुटकी. चढताना तिची त्रेधा उडायची. म्हणून कोंडूनं आपल्या दोस्ताकडून, गुलाम हुसेन वेल्डरकडून, माझ्या मागच्या पट्टीला एक लोखंडी पायरी जोडून घेतली.

"वहिनी, आता राणीवानी चढा," गुलाम हुसेन म्हणाला.

"राणीला चौदा माणसांत कोंबतात व्हय?" शांताबाई म्हणाली.

कोंडू गेला. सात पावसाळे मी त्याच्या घराशेजारी उभा होतो. मी आतून पोकळ. पाणी आत शिरलं ते तिथंच राहिलं. गंज असाच असतो. वरून रंग शाबूत, आत भुगा.

यंदा कोंडूच्या मुलानं, सुगतनं, मला इथं आणलं. जयंतीला बाबांची जीप पुन्हा पुढं असेल, असा शब्द त्यानं आईला दिला होता. गुलाम हुसेन आता म्हातारा झालाय. हातोडीनं ठोकत, कान लावून त्यानं मला ऐकलं. आवाज बद्द आला तिथं खडूनं खूण केली. कुजकं कापलं, नवं जोडलं. मागची बाजू पुरी झाली तेव्हा पायरीशी त्याचा हात थांबला. "ही वहिनींची. हिला काय करायचं न्हाय," तो पुटपुटला.

मला वाटलं, वाचलो.

मग सुगत आला. "चाचा, जयंती आठ दिवसांवर आली."

"पुढची बाजू बाकी हाय. अजून पंधरा दिवस लागतील."

"दापोड्याला एक चांगली चासी बघितलीय. हिचा नंबर तेवढा कापून तिच्यावर लावा. कागदाला जुळला म्हणजे झालं."

"हे मेलेल्याचं नाव दुसऱ्याला देण्यासारखं हाय, सुगत."

"आईला कुठं कळतंय? तुम्हाला जमत नसेल तर गाडी दुसरीकडं नेतो."

गुलाम हुसेननं चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. दुसऱ्या दिवशी त्यानंच ग्राइंडर लावून माझ्या अंगातला नंबर कोरलेला चौकोन कापून घेतला. गंजानंसुद्धा तेवढा भाग सोडला होता. तो तुकडा आणि माझ्यावरचं सगळं दापोड्याच्या चासीवर गेलं.

आज शांताबाई जीप न्यायला आली. नवा हिरवा रंग बघून हसली. मग मागं गेली.

"माझी पायरी रं?"

"गंजली होती, आई. काढली."

चहा आला. सुगतनं माझ्या मागच्या पट्टीवरच गोणपाट टाकलं आणि आईला बसवलं. तिचे पाय लोंबले, जरा चाचपडले, आणि उजवा पाय आपसूक पायरीवर टेकला. तिनं खाली बघितलं. हात फिरवला. बोटं जोडाच्या गाठीवर थांबली.

"गुलामभाई, हे कुणाचं हाय?"

तो भिंतीकडं बघत होता. "भंगार हाय, वहिनी."

कप रिकामा झाला तरी शांताबाईनं पाय उचलला नाही. सुगतनं हाका मारल्या तेव्हा उठली. चढायला त्यानं प्लास्टिकचं स्टूल लावलं. तिनं वळून एकदा माझ्याकडं बघितलं, आणि लेकाचा हात धरला. जीप निघाली, माझा नंबर घेऊन.

उद्या भंगारवाला येईल. कापणाऱ्या दादा, तुझ्यावर माझा राग नाही. तू मला कसला शब्द दिला नव्हतास. कर हवे तेवढे तुकडे. मागची पायरी तेवढी अखंड काढ आणि शांताबाईच्या दारात नेऊन टाक.

तिच्या घराचा उंबरा उंच आहे. सात वर्षं मी शेजारी होतो, तेव्हा मलाच धरून ती चढायची.