पांढऱ्या साडीमागं

दिशाला लंकेला न्यायचं की नाही, यावर कन्हेरीच्या घरात आठवडाभर खल चालला होता. वडिलांचं, म्हणजे श्रीपतींचं, म्हणणं एकच. पोरगी नुकतीच दहावीची परीक्षा देऊन बसलीय, ही आत्याला काय सांभाळणार, हिलाच शोधायला माणूस लागंल. पण इंदापूरची मालनआत्या हटून बसली. लंकेतल्या अनुराधपूरच्या बोधिवृक्षाखाली वैशाख पौर्णिमेची वंदना करायची हे तिनं वीस वर्षं मनात धरलेलं, आणि तिकडच्या इंग्रजी पाट्या वाचायला तिला दिशाच हवी होती. दिशा तर इंग्रजी वक्तृत्वात बारामतीत पहिली आलेली. तिनं वडिलांना छातीठोक सांगितलं, "अण्णा, आत्याला न्हेते तशी आणते. मी हाय ना."

बारामतीच्या संघपाल गुरुजींनी चाळीस माणसं जमवली होती. मद्रासहून विमानानं सगळे कोलंबोला उतरले. पौर्णिमेच्या सकाळी अनुराधपूरची गाडी धरायची होती. तिकिटं, पासपोर्ट सगळं गुरुजींच्या पिशवीत. बायकांना त्यांनी बजावलं होतं, की सगळ्यांनी पांढरीच साडी नेसायची, आणि चुकामूक झालीच तर पांढरी साडी बघून तिच्यामागं जायचं.

बारामतीच्या स्टँडवर हा सल्ला सोन्यासारखा होता. पण लंकेतही पौर्णिमेला बायका पांढरंच नेसतात, हे गुरुजींच्या गावी नव्हतं. कोलंबोचं अख्खं स्टेशन पांढरंशुभ्र झालेलं. दिशा ऐटीत एक पाटी वाचत उभी होती. वळून बघते तर आत्या समोरच्या फलाटावर, आठ-दहा पांढऱ्या साड्यांच्या मागोमाग भलत्याच गाडीत चढत होती. दिशा धावली, चढली, आत्याचा हात धरला, आणि गाडी हलली.

आत्या निवांत खिडकीपाशी बसली. थोड्या वेळानं तिनं आजूबाजूला नीट पाहिलं. "दिशे, ह्यात आपली एक बी न्हाय गं."

दिशानं घसा खाकरून आपलं पहिल्या नंबरचं इंग्रजी काढलं आणि गाडी कुठं जाते ते विचारलं. बायका गोड हसल्या. "महनुवर," एक म्हणाली. दिशा अनुराधपूर म्हणाली, तशा सगळ्यांनी माना हलवल्या आणि भलतीकडं हात दाखवला. जवळ तिकीट नाही, पासपोर्ट नाही, आणि आत्याची पौर्णिमा संध्याकाळी संपणार. अण्णांचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

आत्यानं मात्र हात जोडले, डोळे मिटले आणि घरी रोज म्हणते तसं त्रिसरण सुरू केलं. दुसऱ्या ओळीला समोरची म्हातारी तिला सामील झाली. मग शेजारची, मग दारातले दोघं. बघता बघता अख्खा डबा पालीत म्हणू लागला. पंचशीलाच्या दुसऱ्या शीलाला आत्या थबकली, डोळे उघडले आणि बोट हलवून म्हातारीला म्हणाली, "चाल चुकती तुमची. आमी असं वढून म्हणतो." तिनं म्हणून दाखवलं. म्हातारीनंही मान हलवली आणि आपली चाल म्हणून दाखवली. दोघींपैकी एकही हटेना. डबा हसून लोटपोट.

त्यानंतर आत्या-भाची जणू डब्याच्या पाहुण्या झाल्या. कुणी केळी दिली, कुणी नारळ घातलेला भात. म्हातारीचं तोंड पानानं लालभडक होतं. तिनं कुणाला तरी पिटाळून पुढच्या डब्यातला तिकीट तपासनीस बोलावून आणला. त्याला इंग्रजी येत होतं. तिकिटाचं त्यानं नावच काढलं नाही. गाडी कँडीची आहे, तो म्हणाला. महनुवर म्हणजे कँडीच, ही सगळी तिथल्या विहारात वंदनेला निघालीत. पोल्गहवेलाला फाटा फुटतो, तिथं उतरा. तुमची गाडी मागून येते, पण दोनच मिनिटं थांबते.

पोल्गहवेलाला त्या उतरल्या. आत्याचं बोचकं घेऊन म्हातारीही उतरली.

मागची गाडी आली. प्रत्येक खिडकीत पांढऱ्या साड्या. दिशा एका डब्यापासून दुसऱ्या डब्यापर्यंत इंग्रजीत विचारत पळाली, पण लोक नुसते बघत होते. मग तिनं इंग्रजी सोडलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "कन्हेरी-बारामतीचं कोण हाय का!"

पाचव्या खिडकीतून गुरुजींचं डोकं बाहेर आलं. घामानं डबडबलेलं. त्यांनी आत्याला वर ओढलं, दिशाला ओढलं, आणि शिटी झाली तसे पांढरी साडी बघून फलाटावरच्या म्हातारीवर खेकसले, "अहो बाई, चढा की, तुमाला काय आवतण द्यायचं?"

म्हातारी हात जोडून हसत होती. पलीकडचा रूळ रिकामा होता. कँडीची गाडी कधीच निघून गेली होती.

"तिची गाडी गेली की गं," आत्या म्हणाली.

दिशा दारातून बघत राहिली. इतक्या वेळात म्हातारीचं नाव विचारायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

उन्हं कलताना सगळे बोधिवृक्षापाशी पोचले. आत्यानं वंदना केली, फुलं वाहिली. गुरुजी निघायची घाई करू लागले, तरी ती पुन्हा मांडी घालून बसली.

"थांबा गुरुजी," ती म्हणाली, "एकीच्या वाटचं राह्यलंय."

दिशाही तिच्याशेजारी बसली.