पंखा बंद करा

तांब्याचा नळा बोटांना कोमट लागला आणि रुचिराने हात झटकन मागे घेतला. मनगटाएवढ्या जाडीचा, आतून हीटरने तापवलेला, केसासारख्या बारीक तारा चिकटवलेला नळा — विक्रोळीच्या कंपनीतल्या या प्रयोगशाळेत ती वर्षानुवर्षं हेच तर करत आली होती. नळा अंगाइतका ऊन करायचा, समोर पंखा लावायचा, वारा त्याला वळसा घालून जाताना किती उष्णता नेतो ते पडद्यावर बघायचं. इतका रोजचा नळा, आणि आज तो कोमट लागला म्हणून दचकायला काय झालं?

आईचा हात असा नव्हता... म्हणजे, त्या दिवशी नव्हता.

दिंडोशीच्या घरात आई बर्फाच्या लाद्यांवर, सुयोगदादाचं विमान यायचं म्हणून थांबवून ठेवलेली — हो, थांबवून ठेवलेली, निघालेल्या पाहुण्याला थांबवतात तशी — सगळे मुकाट, वर पंखा गरगरतोय, आणि रुचिरा, पोटची लेक, सकाळपासून एक शब्द न बोललेली, एकदम म्हणाली, "पंखा बंद करा. वाऱ्याने बर्फ लवकर वितळतो." स्वच्छ, कोरड्या आवाजात. बरोबरच होतं ते. खोलीतली गरम हवा सारखी बर्फावर ढकलली जात होती, हे तिच्याइतकं कोणाला कळणार? शकुमावशीने मात्र मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"रवांदे गो तो फॅन," ती हळू म्हणाली. "जल्मभर उकडला तिका."

तरी पंखा बंद झाला. मीच बटण दाबलं. मला सुचलं कसं हे? आई गेली आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य बाहेर पडलं ते बर्फाचं... रडायच्या आधी. नंतर तरी रडले कुठे? तेरावं झालं, कामावर आले, आणि अजून कानात तो आवाज आहे, माझाच. आईच्या जाण्याने बसला नसेल एवढा धक्का त्या आवाजाने बसलाय. असं कसलं माणूस आहे मी?

"रुची, लावू ना पंखा?" शेजारच्या टेबलावरून देवेशने विचारलं. "जमत नसेल तर सोड आज. मी करतो ना."

"लाव."

पाती फिरली. पडद्यावरचा तापमानाचा आकडा उतरू लागला, नेहमीसारखाच, आधी भराभर, मग सावकाश. ती उठली आणि पंख्याच्या नि नळ्याच्या मध्ये जाऊन उभी राहिली, वाऱ्याकडे पाठ करून.

"अगं, रीडिंगची वाट लागली ना यार..." देवेश म्हणाला.

वारा आता तिला वळसा घालून जात होता. पाठ गार पडत चालली होती, ओढणी फडफडत होती, आणि एवढ्या एसीत, एवढ्या वाऱ्यात तिला गळ्यापासून कानापर्यंत उकडू लागलं — आईला उकडायचं तसं, पदराने मान पुसत ती म्हणायची, जरा वाढय गो फॅन... रुचिराने नळ्यावर तळवा ठेवला. मघाइतका ऊन नव्हता तो. या खेपेला तिने हात काढला नाही.

"देवेश," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही, "पंखा वाढव ना जरा."