गोमाजी वॉचमनचा पास

लॉकडाऊनच्या त्या मे महिन्यात माझ्या व्हॅनच्या काचेवर दोन कागद चिकटवलेले होते. एक, अत्यावश्यक सेवा, भाजीपाला. दुसरा, रंगूकाकीचा ई-पास. भाजीपाल्याचा कागद खोटा नव्हता. मी अब्बास, महाडचा. आठवड्यातनं दोनदा मुंबईला भाजी पोचवायचो आणि येताना रिकामा यायचो. त्या दिवशी येताना मागच्या सीटवर रंगूकाकी होती. आणि पासावर लिहिल्याप्रमाणे, तिचा नवरा.

नवरा म्हणजे गोमाजी. पोलादपूरच्या पुढं, आंबेनळी घाटाच्या पायथ्याला धारेवाडी हाय, तिथला. मुंबईत एका सोसायटीच्या गेटवर तीस वर्षं वॉचमन. नऊ दिवसांपूर्वी दूधवाल्याची एन्ट्री करता करता खुर्चीतच गेला. करोना नाय बिरोना नाय, छातीत कळ आली. गावाला न्यायला परवानगी मिळाली नाय, तिकडंच जाळला. आता दहावं तरी गावच्या नदीवर व्हावं म्हणून काकी अस्थींचा स्टीलचा डबा लाल फडक्यात बांधून निघाली होती.

पास काढला तिच्या पुतणीनं, अंकितानं. काकी तिच्या डोक्यावर उभी होती.

"त्यांचं नाव घाल."

"काकी, ते वारलेत."

"म्हणून तर घाल. त्यांनी तीस वर्षं दुसऱ्यांचे पास तपासले. स्वतःचा नसला तर ते जाग्यावरनं हलायचे नायत."

अंकितानं घातलं. प्रवासी दोन: रंगूबाई, वय सत्तावन्न. गोमाजी, वय एकसष्ट. प्रवासाचं कारण: गोमाजीचं दहावं. कॉम्प्युटरनं पाच मिनिटांत मंजूर केलं. शेजारच्या खोलीतला एक माणूस डायलिसिसला जायचा, त्याचा अर्ज तीनदा परत आला होता. त्याच्या फोटोत कान दिसत नव्हते म्हणे.

निघाल्यापासनं व्हॅनच्या डाव्या पत्र्यावर काहीतरी वाजत होतं. टक, टक, टक. तीनदा, मग बंद. गाडी हळू झाली की परत. मी दोनदा उतरून बघितलं. पत्रा ठीक, चाक ठीक.

"राऊंड मारतायत," काकी म्हणाली. "गेटवरपण काठी अशीच आपटायचे. तू चालव."

मी आरशात बघितलं. काकी खिडकीकडं सरकून बसली होती, डबा मांडीवर. बाजूची जागा मोकळी. पण रेक्झिन तिथं दबलेलं होतं. एखादा सत्तर किलोचा माणूस टेकला की दबतं, तसं.

माझा रोजा होता. रमजानात सैतान बांधून ठेवलेले असतात असं आमच्यात सांगतात. मग हा कोण, असा मी विचार केला. मग वाटलं, वॉचमनला कुठल्या सणाची सुट्टी असते.

काकी वाट सांगत होती, मला नाय, त्यांना. मयताला घरी आणताना वाट सांगत आणायची, ही त्यांच्या घरातली रीत. "अहो, पेण गेलं. अहो, वडखळ आलं हां, मागं राहू नका." पत्रा वाजायचा. काकी समाधानानं मान हलवायची.

पहिल्या नाक्यावरचा शिपाई रात्रभर उभा होता. डोळे अर्धे मिटलेले. पास बघितला, तापमापकाची बंदूक माझ्या कपाळावर धरली, मग काकीच्या, मग बाजूच्या मोकळ्या जागेवर. तिन्ही वेळा बीप झालं. तीन आकडे लिहिले.

"आजोबांना मास्क लावायला सांगा," म्हणाला आणि दोर खाली सोडला.

मी विचारलं, "आजोबांचा किती आला?"

"शहाण्णव पॉइंट आठ. नॉर्मल आहे. चला पुढे."

मे महिन्यात रेक्झिनपण तापतं, असं मी स्वतःला समजावलं. माणगावपर्यंत हेच समजावत होतो.

महाड ओलांडल्यावरच्या नाक्यावर प्रितम नावाचा शिपाई होता. नवीन, इस्त्रीचा, आणि पूर्ण जागा. अशा माणसांनीच घोटाळा होतो.

"पासवर प्रवासी दोन. गाडीत एक. दुसरा कुठे उतरवला?"

"हे काय, मांडीवर," काकी म्हणाली.

"मांडीवर डबा आहे, मावशी."

"डब्यातच हायत."

प्रितमनं पास वाचला. परत वाचला. मग मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स वाचली.

"म्हणजे ज्याचं दहावं, तोच दहाव्याला चाललाय?"

"मग त्यांच्याबिगर दहावं कसं होईल, साहेब?"

त्यानं पहिल्या नाक्याला फोन लावला. तिकडून सांगितलं, प्रवासी दोन, दोघांना ताप नाय. प्रितमचा चेहरा बदलला. त्याच्या हिशेबी मुंबईचा एक माणूस मधेच कुठंतरी गायब झाला होता, आणि तो मीच उतरवला होता. त्यानं सीटखाली बघितलं, डिकीत बघितलं, भाजीचे क्रेट उलटे केले.

"फरार दाखवावा लागेल याला," म्हणाला.

"मेलेला माणूस फरार?" मी विचारलं.

"तेच तर. फरार दाखवला तर शोधावा लागेल. हजर दाखवला तर..." तो थांबला. पत्र्यावर टक टक टक झालं होतं. "काय वाजलं?"

"गाडी जुनी हाय," मी म्हटलं.

शेवटी त्यानं मधला मार्ग काढला. खिशातलं लाल पेन काढलं आणि पासावरचं गोमाजीचं नाव खोडलं. बाजूला सही केली, शिक्का मारला.

"खोडू नको रे बाबा," काकी म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज हलला. "गेटवर नाव खोडलं तर ते आत यायचे नायत."

"मावशी, सरकारी कागदावर मयत माणूस फिरताना दिसला तर माझी नोकरी जाईल. जा आता, वेळ होईल तुम्हाला."

आम्ही निघालो. सावित्रीचा पूल आला. जुना पूल पुरात एसट्यांसकट वाहून गेला, तेव्हापासनं या पुलावर आम्ही महाडवाले तसेही गप्पच असतो.

"अहो, पूल आला," काकी म्हणाली.

पत्रा वाजला नाय.

"अहो, सावित्री. ऐकताय ना?"

मी आरशात बघितलं. बाजूची सीट फुगून सपाट झाली होती, शोरूममधनं आणल्यासारखी. सकाळपासनं मी जिच्याकडं बघायचं टाळत होतो, ती जागा आता रिकामी होती, आणि मला जास्त भीती वाटली.

"उतरले ते," काकी म्हणाली आणि डबा घट्ट धरला.

धारेवाडीच्या रस्त्यावर गावकऱ्यांनी बांबू आडवे टाकून काटेरी फांद्या रचल्या होत्या. मुंबईवाल्यांना आत बंदी, आधी चौदा दिवस शाळेत. काकीचा दीर कुशाबा बांबूच्या पलीकडं उभा होता, तोंडाला टॉवेल. गावच्या करोना समितीनं एवढी सवलत दिली होती की दहावं वेशीबाहेर नदीवर करा, काकीनं दहा हात लांब बसायचं, मग सरळ शाळेत.

कुशाबानं भाताचा पिंड खडकावर ठेवला. समोरच्या ऐनाच्या झाडावर आठ-दहा कावळे बसले होते. एक पण हलला नाय.

पिंडाला कावळा शिवला नाय तर मयताचा जीव कशात तरी अडकलाय असं समजतात. मग घरच्यांनी हात जोडून, तुझं राहिलेलं आम्ही करू, असं कबूल करायचं. कुशाबा कबूल करत सुटला.

"दादा, बांधावरचं भांडण मिटवतो." कावळे बसलेले. "दादा, तुझ्या फणसाला हात लावणार नाय." कावळे बसलेले. "बरं, गेल्या साली लावला होता, चुकलो." एका कावळ्यानं पाठ फिरवली.

तास झाला. दीड वाजला. नदीत पाणी घोट्याएवढं, आणि वारा नाय, पान हलत नाय. माझ्या घशाला कोरड पडलेली.

"वहिनी, दिवस मावळायच्या आत शिवला पायजे," कुशाबा म्हणाला.

काकी लांबून म्हणाली, "ते इथं असतील तर शिवेल ना. ते नाक्यावर हायत. त्या पोरानं नाव खोडलं."

मला वाटलं कुशाबा हसेल. तो खाली बसला.

"खरं हाय," म्हणाला. "मी एकदा तांदळाचं पोतं घेऊन त्याच्याकडं गेलो होतो. गेटवर उभा केला मला. नाव काय, गाव काय, कोणाकडं. मी म्हटलं, अरे तुझ्याकडंच. तर म्हणतो, माझं नाव फ्लॅटच्या यादीत नाय. दोन तास उन्हात बसवला. ड्युटी संपल्यावर स्वतः बाहेर आला, माझ्या पाया पडला, मग रडला."



"अब्बास," काकी म्हणाली, "तीस वर्षं लोकं आत जाताना बघत गेटवर उभे होते ते. आता मेल्यावर पण गेटवरच ठेवू? गाडी फिरव."

तीन वाजता आम्ही नाक्यावर परत आलो. लांबूनच गाड्यांची रांग दिसली. त्या दिवसांत पाच गाड्यांना पण रांग म्हणायचे. इथं चाळीसेक होत्या. सगळ्यात पुढं एका मोठ्या साहेबांची दिव्याची गाडी, आणि साहेब खाली उतरून फॉर्म भरत होते.

प्रितमची इस्त्री गेली होती. मला बघून तो धावतच आला.

"तुम्ही गेल्यापासून बॅरिकेड हलत नाहीये. चौघांनी ओढलं. ज्याचे कागद पूर्ण आहेत त्याच्यासाठी आपोआप सरकतं. बाकी कोणासाठी नाही. साहेबांकडे ओळखपत्राची झेरॉक्स नव्हती. साहेबांसाठीसुद्धा नाही." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि कोणीतरी काठी आपटतंय. दर पंधरा मिनिटांनी. तीनदा."

"रजिस्टर दाखव," काकी म्हणाली.

त्यानं दाखवलं. वरच्या ओळी त्याच्या गोल अक्षरात. आमच्या गाडीच्या नोंदीनंतर अक्षर बदललेलं, बारीक, उजवीकडं कललेलं. पट्टीनं एक जादा रकाना आखला होता. वर लिहिलं होतं: कोणाकडे. आणि चाळीस गाड्यांसमोर तो भरलेला होता. बहिणीकडे. आजारी आईकडे. एका ठिकाणी, बायको सांगते डॉक्टरकडे, खरे सासऱ्याकडे.

"मी नाही लिहिलेलं," प्रितम म्हणाला. "पेन माझ्या हातात होतं. पण मी नाही लिहिलं."

काकीनं त्या अक्षरावरनं बोट फिरवलं. "त्यांचंच," एवढंच म्हणाली. मग एकदम व्यवहाराला लागली. "नवीन पास लिही. नाव, गोमाजी. गाव, धारेवाडी."

प्रितमनं लिहिलं. "अत्यावश्यक कामाचा तपशील?"

"लिही, ड्युटी संपली. घरी चाललेत."

"कोणाकडे?" हे त्यानं विचारलं आणि स्वतःच दचकला.

"त्यांच्या स्वतःकडं," काकी म्हणाली.

त्यानं शिक्का मारला. काय झालं नाय. चाळीस गाड्यांचे लोक बघतायत, साहेब बघतायत, बॅरिकेड तिथंच.

"असं नाय सोडत वॉचमन गेट," काकी म्हणाली. "बदलीवाला येऊन रजिस्टरवर सही करतो, तेव्हाच आधीचा घरी जातो. एकदा बदलीवाला आला नाय तर तीन दिवस उभे होते ते. कर सही. चार्ज घेतला म्हणून लिही."

प्रितमनं साहेबांकडं बघितलं. साहेबांनी आकाशाकडं बघितलं. प्रितमनं त्या कललेल्या अक्षराच्या खाली लिहिलं: चार्ज घेतला. सही केली, वेळ टाकली.

टक, टक, टक.

मी जाऊन व्हॅनचं सरकतं दार उघडून धरलं. का धरलं ते विचारू नका. व्हॅन डावीकडं जराशी कलली आणि रेक्झिन दबलं. मी दार हळू लावलं, कोणाचा पाय अडकू नये म्हणून.

पुलावर काकीनं सांगितलं, "अहो, सावित्री." पत्रा वाजला. पोलादपूरच्या बाजारपेठेत वाजला, घाटाच्या फाट्यावर वाजला. धारेवाडीच्या बांबूंजवळ एकदा, अगदी हलका वाजला.

ऊन खडकांवरनं उतरत होतं. काकीनं पास कुशाबाकडं फेकला, त्यानं तो पिंडाशेजारी ठेवून वर गोटा ठेवला. ऐनावरनं एक कावळा खाली आला. आधी तो पासाभोवती फिरला. मान वाकडी करून, शिक्का बघावा तसं बघितलं. मग पिंडाला शिवला. कुशाबानं डब्यातल्या अस्थी पाण्यात सोडल्या आणि टॉवेलात तोंड घालून रडला. काकी रडली नाय. तिनं पदर सावरला, पिशवी उचलली आणि शाळेकडं चालायला लागली, चौदा दिवस बसायला. जाताना मला म्हणाली, "अब्बासभाय, रोजा सोड वेळेवर."

परत येताना नाका ओळखीच्या गेटासारखा वाटला. रांग संपली होती. प्रितमनं गाडी थांबवली.

"पोचले?"

"पोचले."

त्यानं मान हलवली, बंदूक माझ्या कपाळावर धरली. मग काय वाटलं त्याला, हात आत घालून मागच्या सीटवर धरली. दिवसभराच्या उन्हानं सीट अशी तापली होती की हात ठेववत नव्हता. बंदुकीवर आकडा आला नाय. नुसतं लो आलं, समोर माणूसच नसल्यासारखं. त्यानं परत धरली. लो.

"नाव?" त्यानं रजिस्टर उघडत विचारलं. सकाळी सांगितलं होतं, तरी सांगितलं.

"गाव?"

सांगितलं.

"कोणाकडे?"

"खतीजाकडं," मी म्हटलं. "बायको हाय माझी. रोजा सोडायला वाट बघते."

त्यानं लिहिलं. अक्षर बारीक होतं, उजवीकडं कललेलं. बॅरिकेड सरकलं आणि मी गाडी काढली. मागं रस्त्यावर काठी तीनदा वाजली. ती प्रितमनंच आपटली असणार. मी आरशात बघितलं नाय.