वरणातलं मीठ

"सतरा नंबर, तीनशे बारा ग्रॅम." लहानूने उंदीर काट्यावरून अलगद उचलून पिंजऱ्यात सोडला. प्रयोग करणाऱ्या चिन्मयी मॅडमनी आकडा लिहून घेतला.

नागपुरातल्या त्या संशोधन संस्थेच्या प्राणीघरात लहानू बावीस वर्षं उंदरांची देखभाल करत होता. या खेपेला साऱ्या उंदरांना किरणांचा शेक दिला होता. त्याने किडनी खराब होते. निम्म्यांना शेकानंतर लगेच काही आठवडे खारं पाणी पाजलं. सहा महिन्यांनी तेच जास्त तरतरीत दिसत होते.

लहानू घुटमळला. "मॅडम, एक इचारू का? मीठ खाल्लेले हे चांगले राहून राहिले. मंग माह्या सिंधूले डॉक्टरनं मीठ काहून बंद केलं?"

चार वर्षांपूर्वी त्याच्या बायकोच्या, सिंधूताईच्या पोटातल्या कॅन्सरच्या गाठीला असाच शेक दिला होता. गाठ गेली, पण किडनी दुखावली. तेव्हापासून तिचं जेवण अळणी.

मॅडमनी वही मिटली. "लहानूभाऊ, घरी काही केलं तर नाही ना?"

त्याने मान खाली घातली. "चार दिवस झाले. तिच्या वरणात मीठ टाकून राहिलो. न सांगता."

मॅडम रागावल्या नाहीत. त्याला स्टुलावर बसवून म्हणाल्या, "यांना मीठ मिळालं ते किडनी बिघडायच्या आधी. ते कसं उपयोगी पडलं, हे आम्हालाही पुरतं कळलेलं नाही. अन् शेवटी हे उंदीर आहेत. ताईंची किडनी बिघडलेली आहे, बीपी आहे. त्यांना मीठ बाधेल. उद्याच दवाखान्यात न्या, अन् डॉक्टरांना खरं सांगा."

दुसऱ्या दिवशी बीपी चांगलंच चढलेलं निघालं. लहानूने सिंधूताईच्या समोरच सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांनी गोळी वाढवली, रक्त तपासायला दिलं. बाहेर बाकावर बसल्यावर त्याला तिच्याकडे पाहवेना.

"मले पयल्याच घासाले कळलं होतं," ती म्हणाली.

"मंग बोलली काहून नाही वं?"

"चार वर्सांनी वरणाले चव आली होती. इचारलं असतं तं बंद झालं असतं."

रिपोर्ट आला. किडनी होती तशीच होती, आणखी बिघडली नव्हती. लहानूने त्यातला आकडा दोनदा वाचला.

"मंग त्या उंदरांचा काय उपेग?" सिंधूताईने विचारलं.

"पुढं कोणाले शेक द्यायचा असंन, त्याची किडनी वाचवता येईन कदाचित. मॅडम शोधून राहिल्या."

"त्याची तरी वाचू दे," ती म्हणाली.

तीन महिन्यांनी कन्हानला भाचीचं, पायलचं लग्न झालं. पंगतीत सिंधूताईने पिशवीतून स्वतःचा डबा काढला. लसणाच्या फोडणीची वांग्याची भाजी, वर लिंबू पिळलेलं. शेजारची बाई वाकून पाहू लागली.

"अळणी हाय," सिंधूताई म्हणाली. "घेता का जराशी?"

बाईने पत्रावळ पुढे सरकवली.