लंडनमध्ये नसलेलं गाणं

बोर्बालानं शेजारच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्याच्या कानाशी तोंड नेलं आणि गाण्याची पहिली ओळ इंग्रजीत सांगितली. दुसरी सांगितलीच नाही.

"पुढे?" डेस्मंड हार्टनेलनं विचारलं.

"पुढे तेच आहे."

रंगमंचावर नावाडिणीच्या वेशातली एटेल्का नदीला उद्देशून गात होती, आणि रविवार दुपारच्या खेळाला आलेलं अख्खं गाव तिच्याबरोबर गुणगुणत होतं. हार्टनेलची ही संगीतिका लंडनमध्ये अकरा दिवसांत गुंडाळली गेली होती. इथे, तिसा नदीकाठच्या या छोट्या नाट्यगृहात, बोर्बालानं केलेल्या हंगेरियन रूपात तिचं चौदावं वर्ष चालू होतं. मूळ लेखक ती बघायला पहिल्यांदाच आला होता. करार पुढे चालू ठेवायचा की नाही, हे त्याच्या हातात होतं.

मध्यंतर होताच व्यवस्थापक वेंडेल गरम पोगाचांची, म्हणजे खारट छोट्या पावांची, बशी घेऊन आला. सगळं गाव बोर्बालाला बोरी नेनी, बोरी मावशी, म्हणे; तोही तिला बाजूला ओढून म्हणाला, "बोरी नेनी, बोललात का काही त्याच्याजवळ?"

"अजून नाही."

"मग बोलूच नका. सही होऊ दे. चौदा वर्षं तोंड मिटून राहिलात, आणखी तासभर राहा."

"त्याला कान आहेत रे, वेंडेल. आपलं गाणं माणूस ओळखतो."

"आणि दुसऱ्याचं?"

"तेही."

तिनं त्याच्या हातातली बशी घेतली, हार्टनेलपुढे धरली आणि बसायच्या आधीच बोलून टाकलं.

"ते गाणं तुमचं नाही. माझं आहे. पहिल्या प्रयोगाच्या आठवडाभर आधी कळलं, की नावाडिणीची ती नाव विंगेत ढकलून न्यायला तीन मिनिटं लागतात. तेवढा वेळ लोकांना अंधारात कसं बसवायचं? म्हणून मी चार कडवी लिहिली. चाल आईची, कपडे धुताना गुणगुणायची ती. कार्यक्रमपत्रिकेवर मात्र तुमचं नाव घातलं. पाहुण्याच्या नाटकात आपलं नाव कशाला, म्हटलं. हे ठाऊक असलेले आता मी आणि वेंडेल, दोघंच उरलोय."

हार्टनेलनं पोगाचाचा तुकडा सावकाश चावला. कोटावर सांडलेला चुरा झटकला.

"लंडनलाही नाव अडकली होती," तो म्हणाला. "पहिल्याच प्रयोगाला. तीन नाही, पाच मिनिटं. आम्ही लोकांना अंधारातच बसवलं."

मग त्यानं दुसरी पोगाचा उचलली. "आता मला ती चारही कडवी सांगा. एकही ओळ गाळू नका."

तिनं सांगितली. तो डोळे मिटून ऐकत राहिला, आणि तिसरी घंटा झाली तेव्हा झोपेतून जागं करावं तसं त्याला हलवावं लागलं.

खेळ संपला. टाळ्या ठेका धरून वाजू लागल्या. वेंडेलनं हार्टनेलला रंगमंचावर नेलं, आणि त्याचं बोलणं लोकांना सांगायला बोर्बालाही वर गेली. हार्टनेल इंग्रजीत शांतपणे बोलला.

"जे गाणं तुम्ही इतकी वर्षं माझं म्हणून गाताय, ते या बाईंचं आहे. माझं असतं, तर लंडनमध्ये अजून पडदा पडला नसता."

सभागृह तिच्या तोंडाकडे बघू लागलं. तिसऱ्या रांगेत औषधवाल्याची बायको बसली होती. मुलीच्या लग्नात तिनं ते 'इंग्रजी गाणं' हौसेनं गायला लावलं होतं. बोर्बालानं माइक दोन्ही हातांनी धरला.

"ते म्हणतात, इथे येऊन त्यांना फार आनंद झाला."

टाळ्यांचा कडकडाट झाला. हार्टनेल थांबून बघत होता. सगळ्यांच्या नजरा त्याच्यावरच होत्या. तिच्याकडे कुणीही वळलं नव्हतं.

"एवढंच?" त्यानं हळूच विचारलं.

"आमच्या भाषेत थोडक्यात मावतं."

मागून कुणीतरी खुदकन हसलं. एटेल्कानं दोन उन्हाळे डब्लिनच्या एका खाणावळीत काम केलं होतं, तिला इंग्रजी कळतं, हे बोर्बालाच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

"सरका जरा, बोरी नेनी," एटेल्का म्हणाली, आणि तिनं माइककडे हात पुढे केला.