दहा माणसांचा खेळ

"एका माणसासाठी शिनेमा लावत न्हाय, ईरण्णाकाका. दहा जण आणा, लगीच लावतो," तुळजापूरच्या थेटराचा मॅनेजर बलभीम म्हणाला आणि त्याने माझ्या तोंडावर तिकिटाची खिडकी लावून घेतली.

मी जळकोटला हायवेवर पंक्चर काढतो. चाळीस वर्षांत पहिल्या दिवसाचा पहिला खेळ क्वचितच चुकवला असेल. हिंदी, मराठी, कन्नड, जे लागेल ते. एवढं बघून मला एक कळलंय. चांगला सिनेमा येत नाही म्हणून गळा काढणारी माणसंच चांगला आला की घरात मोबाइल घेऊन लोळतात. देवीच्या दारात पाय ठेवायला जागा नाही आणि हाकेच्या अंतरावरच्या थेटरात मी एकटा. डोकं फिरणार नाही तर काय होईल?

हा सिनेमा तर मला सोडायचाच नव्हता. दोन वर्षांपूर्वी तो आमच्याच गावात केला. माझी बायको सिद्धम्मा चुलीपुढे भाकरी थापत होती, ते सिनेमावाल्यांनी कॅमेऱ्यात घेतलं. कॅमेरावाला सकाळपासून उपाशी होता. भर शूटिंगमध्ये ही मान वर करून त्याला म्हणाली, "बाबा, दोन घास खाऊन घे, मग कर तुझं काम." मी कपाळावर हात मारून घेतला. दिग्दर्शक मात्र म्हणाला, हे असंच राहू दे.

गेल्या श्रावणात सिद्धम्मा गेली. तिचा फोटो एकच, आधार कार्डावरचा, त्यात ती ओळखूही येत नाही. मला तिला एकदा हलताना, बोलताना बघायचं होतं.

पहिल्या आठवड्यात सिनेमा पुण्या-मुंबईतच लागला. पेपरात कुणा जाणकाराने लिहिलं, 'एक खेडूत बाई थेट कॅमेऱ्यात बघून जेवायला बोलावते, ही अक्षम्य चूक आहे.' अहो, उपाशी माणसाला जेव म्हणणं अक्षम्य? हिरो एका हाताने पन्नास माणसं लोळवतो, तेव्हा ह्यांना चूक दिसत नाही. तेव्हा चार स्टार.

बलभीमने परत पाठवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी गावातल्या माणसांनी जीप भरली. "दिवाळीला टीव्हीवर येईल की," म्हणणाऱ्या माझ्या दोस्ताला, श्रीमंतला, दंडाला धरून आत बसवलं. शेजारच्या लक्ष्मीबाई तेवढ्या नवं लुगडं नेसून आपणहून आल्या. "म्या सिद्धम्माला बघाया येणार," म्हणाल्या.

बलभीमने माणसं मोजली, अकरा भरली, आणि खेळ लावला. पडद्यावर आमचा रस्ता आला, आमचं घर आलं. चुलीचा धूर दिसला. हिरो उंबऱ्यात येऊन उभा राहिला. मी खुर्चीच्या कडेला सरकलो. आणि एकदम एसटी स्टँड आला, हिरो गाडीत चढला, गाव सुटलं.

इंटरव्हलला मी बलभीमची कॉलर धरली. "शिनेमा कापलास व्हय रं?"

"म्या कशाला कापू, काका? पेपरात वंगाळ आलं म्हणून मुंबईवाल्यांनीच दहा मिनटं काढली. आता सगळीकडं असाच हाय."

मी कॉलर सोडली. त्या बिचाऱ्याचा काय दोष?

"चला मग," श्रीमंत म्हणाला. "थांबून काय करायचं?"

"मला दिसली की वो," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "धुरात हात दिसला तिचा."

"न्हाय दिसली, लक्ष्मीबाई. म्या डोळं फाडून बघत हुतो." मग मी सगळ्यांना सांगितलं, "बसा. अर्ध्यातनं कुणी उठायचं न्हाय. ज्यांनी राबून केलाय, त्यांचा तरी मान ठेवा."

शेवटपर्यंत कुणी हललं नाही. दिवे लागले तेव्हा श्रीमंत टोपीने डोळे पुसत होता. दंडाला धरून आणलेला श्रीमंत.

"तुमाला कसा वाटला?" लक्ष्मीबाईंनी हळूच विचारलं.

"चांगला हाय," मी म्हणालो.

खोटं कसं बोलू? आयुष्य सिनेमे बघण्यात गेलं. कापलेली जागा शोधूनही सापडत नव्हती. इथे एक बाई होती, हे कुणाला शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं. तिच्यावाचून सिनेमाचं काही म्हणजे काही अडलं नव्हतं.